प्रति: कोड उघडा असला की छुपं दार राहत नाही?
‘सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) सगळ्यांना दिसतो, त्यामुळे लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीमध्ये छुपं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, टिकूच शकत नाही’ हे वर लिहिलेलं मला अर्धंच पटतं. घरी वर्षानुवर्षं लिनक्स वापरतो, तरी मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण विसरता येत नाही. फाइली दाबून लहान करणारं हे साधं साधन, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे कामं करून त्याच्या देखभालीचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार घुसवलं. मेख अशी, की ते दार चालू करणारा तुकडा सार्वजनिक कोडसंग्रहात नव्हताच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (वापरणाऱ्यांसाठी बांधून दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) होता. संग्रह डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही तो दिसला नसता.

सापडलं ते मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांना. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. कोड हाताशी होता म्हणूनच ते मुळापर्यंत पोचले, आणि खुल्या प्रणालीची खरी ताकद मला इथे दिसते. बातमी वाचली त्या रात्रीच मी वडिलांचा लॅपटॉप उघडून आवृत्ती तपासली. डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती, त्यात एक्सझेड ५.४.१, म्हणजे दार घुसवण्याआधीचं. जीव भांड्यात पडला. डेबियनची स्थिर शाखा जुनाट म्हणून लोक नाकं मुरडतात, घरच्यांच्या मशीनवर मी तीच टाकतो.