तुमच्या आई-आजीबद्दल लिहा

खारीबिस्कीट
काल माळा आवरला. ट्रंकेत आजीची गोधडी निघाली. उन्हात टाकली तर मधोमध बाबांच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा, खिशासकट! खिसा वरून उघडाच ठेवलेला. हात घातला तर सुपारीचं खांड. म्हणजे रात्री पडल्या पडल्या हाताला यावं म्हणून सोय.
१९७२ च्या दुष्काळात ही बाई खडी फोडायला जायची. कामावर सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची ती पदरात बांधून घरी पोरांना. आम्हाला तिनं कधीच सांगितलं नाही. आत्यानं सांगितलं, तेही तेराव्याला जेवणं उरकल्यावर.

गवतीचहा
सुकडी!! आणि रेशनचा तो अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी. आई म्हणते भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली की घशात अडायची. आजी नंतर कायम ज्वारी पाखडून झाली की सांडलेले दाणे एकेक वेचत बसायची. आम्ही हसायचो. मूर्ख होतो.

मधला_डबा
सुपारीचं काय केलंत?

खारीबिस्कीट
परत खिशात.

चाकरमानी
आमचे आजोबा परळला गिरणीत. १९८२ च्या संपानंतर एक पत्र्याची पेटी घेऊन गावी आले. आजीनं काय झालं, पुढे काय, काही विचारलं नाही. म्हणाली, "पाणी तापलाहा, न्हावन घेवा." बस. दुसऱ्या दिवसापासून दोघं लोकांच्या काजूच्या बागेत. (यंदा काजूला भाव काय आहे कुणाला माहीत आहे का? वेंगुर्ल्याकडे?)

तीन_शिट्ट्या
कुकर लावलाय, होईपर्यंत लिहिते. माझ्या बाळंतपणाला आई न्यू जर्सीला आली होती. विमानात पहिल्यांदाच. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, कपडे दोनच. तिसऱ्या दिवशी बाळाला ओव्याची धुरी दिली आणि बिल्डिंगभर अलार्म. सगळे शेजारी पायजम्यात खाली, बर्फात. आई बाळाला शालीत गुंडाळून मला म्हणते, "यांच्याकडे कुणाला बाळं होत नाहीत का?" झाल्या शिट्ट्या.

गवतीचहा
😂😂 दुसऱ्या दिवशी परत दिली का धुरी?

तीन_शिट्ट्या
दिली. अलार्मला टॉवेल बांधून. घरमालकाला सांगू नका.

बांधावरचा
मला आजीचं नावच माहीत नव्हतं. सगळे आक्का म्हणायचे. वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यानं मोठ्यानं वाचलं, "चंद्रभागा". मी इकडेतिकडे बघितलं, ही कोण. बाबांनी कोपर मारलं.

चाकरमानी
आमच्याकडे दोन नावं होती, माहेरचं एक, सासरचं एक. हाक मात्र "गो".

मधला_डबा
खारीबिस्कीट, गोधडी मशीनला लावू नका हां. धावदोरा उसवतो. टबात भिजवा, पायानं तुडवा, पिळू नका.

खारीबिस्कीट
धुणारच नाहीये. वास आहे अजून.