मदत हवी आहे: रीफ टँकमध्ये तपकिरी चिकट तंतू, गोगलगायी मरताहेत

खारंपाणी (पुणे):
खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक वर्षभराचा आहे. सम्प (खालची गाळण टाकी) धरून पाणी २०० लिटर. झोआ, मशरूम, एक टोडस्टूल लेदर (सगळे मऊ प्रवाळांतले), दोन क्लाउनफिश. दगडी प्रवाळ नाहीत.

हिरवं केसाळ शेवाळ वाढलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी रिअ‍ॅक्टरमध्ये १५० ग्रॅम जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) टाकलं आणि ५० लिटरचे तीन पाणीबदल केले. शेवाळ गेलं. आता वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे तंतू आहेत, टोकाला बुडबुडे. रात्री दिसेनासे होतात, दुपारपर्यंत पुन्हा दाट. चारपैकी तीन टर्बो गोगलगायी मेल्या, झोआ मिटलेल्या आहेत. तीन दिवस दिवे बंद ठेवले तेव्हा गेलं, दिवे लावल्यावर चौथ्या दिवशी परत आलं.

आजची मापं: क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६.५, केएच (अल्कलिनिटी) ८.१, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. आरओ-डीआयने शुद्ध केलेल्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) ०.

हे डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) आहेत का? सगळा लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला दगड) काढून उकळावा म्हणतो. नवा दगड मालवणहून आणता येईल का?

प्रवाळवेडा:
आधी ते उकळणं डोक्यातून काढा. झोआ आणि त्यांच्याच जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं आणि ते उकळण्याने नष्ट होत नाही. वाफेबरोबर श्वासात गेलं तर घरातल्या सगळ्यांना रुग्णालयात न्यावं लागेल. दगड बाहेर काढून कोरडा घासणंही नको.

मालवणचा दगडही नको. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, आणि दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात. उचललेल्या दगडावर काय चिकटलेलं आहे हे काठावर उभं राहून कळत नाही.

वर्णनावरून हे डायनोफ्लॅजेलेट (डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) वाटतात. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलं की शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात, रिकामी झालेली जागा डायनो बळकावतात. तुमच्याकडे जीएफओने नेमकं हेच केलं. टँक घाण झालेला नाही, अति स्वच्छ झालाय.

घरच्या घरी खात्री करा. थोडा चिकटा टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पुन्हा गोळा झालं तर बहुधा डायनो. सायनो (सायनोबॅक्टेरिया) असता तर लालसर चादरीसारखा सोलून निघाला असता. पण औषध जातीवर ठरतं, म्हणून ४०० पटीची सूक्ष्मदर्शक लागेलच. ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम होऊन जातं.

खारंपाणी:
पाहिलं. थेंबाच्या आकाराच्या पेशी आहेत, एका टोकाला निमुळत्या. त्याच टोकावर खिळल्यासारख्या गोल फिरतात.

रसायनी:
मग डायनोमधला ऑस्ट्रिऑप्सिस. गोगलगायी का मेल्या तेही कळलं, त्याच्यात विष असतं. एका अर्थी नशीब चांगलं म्हणायचं, कारण हा रात्री पाण्यात वर येतो आणि यूव्हीच्या (पाण्यातले जीव मारणाऱ्या अतिनील दिव्याच्या) तावडीत सापडतो. अँफिडिनियम हा दुसरा डायनो असता तर तो वाळूतच बसून राहिला असता आणि यूव्हीचे पैसे पाण्यात गेले असते. त्याला सिलिकेट देऊन डायटम वाढवावे लागतात.

आज जीएफओ काढा. पाणीबदल थांबवा, फक्त बाष्पीभवनाची भर घाला.

नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट, लॅब ग्रेड. कृषी सेवा केंद्रातलं १३:००:४५ म्हणजे मूळ रसायन तेच, पण खतात बाकी काय आहे याची खात्री नसते. १६.३ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवून ५०० मिली करा. यातले ५० मिली तुमच्या २०० लिटरमध्ये ५ पीपीएम वाढवतात. पहिल्या दिवशी २० मिलीच घाला. लक्ष्य ५ ते १०.

फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट, बाटलीवर डोडेकाहायड्रेट लिहिलेलं. निर्जल असेल तर हे गणित चुकेल. १ ग्रॅमचं १ लिटर द्रावण करा. ४० मिलीने ०.०५ पीपीएम वाढतं. दुसऱ्या दिवशी माप पुन्हा ०.०० दिसेल. घाबरू नका: उपाशी दगड आधी स्वतः शोषून घेतो. रोज मोजा, रोज भरा, ०.०५ ते ०.१ वर टिकेपर्यंत. इथेच लोक कंटाळून सोडतात.

यूव्ही १८ वॅटच्या आसपासचा घ्या आणि पंप सम्पमध्ये नाही, डिस्प्लेमध्येच ठेवा. सम्पमधून जोडला की बहुतेक पेशी दिव्यापर्यंत पोचतच नाहीत. प्रवाह तासाला ४०० ते ६०० लिटर. चोवीस तास चालू. पाणी थोडं तापेल, उन्हाळ्यात वर पंखा लावा.

दिवे बंद व्हायच्या आधी ५० मिलीच्या सिरिंजला नळी लावून दगडांवरचा चिकटा उडवा. वाळूवरचा सायफनने ५ मायक्रॉनच्या पिशवीतून ओढा, गाळलेलं पाणी परत टँकमध्ये. हातमोजे आणि चष्मा हवाच. विषासाठी १०० ग्रॅम सक्रिय कार्बन, दर आठवड्याला नवा. उरलेली टर्बो दुसऱ्या टँकमध्ये हलवा.

यूव्ही बसल्यावर पुन्हा तीन दिवस अंधार करा. मागच्या वेळी पेशी पाण्यात गेल्या, पण तिथे त्यांना मारणारं काही नव्हतं.

प्रवाळवेडा:
एक भर. ज्याचा टँक जुना आणि निरोगी आहे अशा ओळखीच्या माणसाकडून मूठभर ओली वाळू आणा. रिकामी जागा दुसऱ्या कुणीतरी भरायला हवी.

खारंपाणी:
नववा दिवस. नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०४, झोआ अर्ध्या उघडल्या. तंतू नाहीत, पण मागच्या काचेवर हिरवी छटा आलीय. पुसू का? यूव्ही कधी काढू?

रसायनी:
पुढची काच पुसा, मागची राहू द्या. ती हिरवळच आता डायनोची जागा अडवून धरेल. शेवाळ परत लांब वाढलं तर हाताने उपटा. जीएफओ लागलंच तर २० ग्रॅमपासून सुरू करा आणि फॉस्फेट ०.०३ च्या खाली गेलं की काढा. यूव्ही किमान महिनाभर राहू दे. मग फक्त रात्री चालवा, आठवडाभर वाळू स्वच्छ राहिली तर बंद. टर्बो त्यानंतरच परत आणा.