बाबांच्या सत्तरीला वेताळ द्यायचाय, पण कोणता? (बजेट १५००)

लालबागची_पूर्वा
मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात बाबांना सत्तर पूर्ण होतायत. त्यांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. थोरले काका रद्दीवाल्याकडून इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आणायचे आणि गॅलरीत एका अंकावर आठ-दहा डोकी वाकलेली असायची. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, म्हटलं की बाबांचा चेहरा अजूनही बदलतो.

मागच्या दिवाळीत मी हौसेने नवीन छापलेलं इंग्रजी पुस्तक आणलं. बाबांनी चार पानं उलटली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "छान आहे गं, पण हा आमचा वेताळ नव्हे." पुस्तक तेव्हापासून कपाटात आहे.

मग 'आमचा' म्हणजे कोणता, ते विचारून घेतलं. त्यांच्या मते त्याचं तोंड साधं होतं, अंगावर एवढे स्नायू नव्हते, मान आखूड होती. आणि ठोसा बसला की गुंडाच्या हनुवटीवर त्याच्या अंगठीची कवटी उमटायची. एवढ्यावरून कुणाला ओळखता येईल का? मुंबईत कुठे मिळेल? मराठीच मिळाला तर फार बरं. १५०० च्या वर नाही जमणार.

कवटीची_अंगठी
पूर्वाताई, सुट्या अंकांच्या नादी लागू नका. परदेशी हार्डकव्हर खंड मागवा. वेताळ सुरू झाला १७ फेब्रुवारी १९३६ ला, वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत. लेखन ली फॉक यांचं, चित्रं रे मूर यांची. त्या चित्रांत अर्धी चौकट काळी असते आणि त्या काळोखातून फक्त बुरखा आणि पांढरे डोळे पुढे येतात. ते पाहिल्यावर बाकी सगळे वेताळ फिके वाटतील, हे मी लिहून देतो. मला एक खंड जकात धरून साडेचार हजारांना पडला. माझ्याकडे सहा आहेत.

लालबागची_पूर्वा
दादा, बजेट १५०० आहे.

कवटीची_अंगठी
हो, वाचलं. पण सत्तरी एकदाच येते.

दादा_गिरगावकर
माझं वय ६८, तेव्हा तुझ्या वडिलांच्याच पिढीतला. वर्णन वाचल्याबरोबर ओळखलं. तो विल्सन मॅककॉयचा वेताळ. रे मूरनंतर चित्रं त्याच्याकडे आली आणि १९६१ साली तो वारला तोवर त्याच्याकडेच होती. ठसठशीत रेघ, सपाट चेहरे, मागे फारसं काही नाही. चित्रकलेच्या परीक्षेत त्याला कमी मार्क मिळाले असते, पण आम्हाला तो खरा वाटायचा. तो सिनेमातल्या नटासारखा दिसत नसे. आमच्या व्यायामशाळेतल्या एखाद्या दादासारखा दिसायचा.

आपल्याकडे इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, म्हणजे मॅककॉय गेल्यानंतर. पण सुरुवातीच्या अंकांत त्याच्या गोष्टी भरपूर होत्या. तुझे बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असणार. हिशोब जुळतो. १९६४ ते ६६-६७ चे अंक शोध.

सीमा_पार्ले
दादांशी सहमत, पण खरा वेताळ साय बॅरीचाच. १९६१ ते १९९४, तेहेतीस वर्षं त्या माणसाने वेताळ काढला. घोड्याच्या मानेची शीर दिसते, लांडग्याच्या अंगावरचा केस दिसतो. आम्ही ऐंशीच्या दशकात वाचले ते सगळे तेच. माझ्याकडे चाळीस अंक होते, लग्न होऊन सासरी आले आणि माहेरी कुणीतरी ते विकून टाकले. अजून वाईट वाटतं. बाबांना एकदा साय बॅरी दाखवाच.

रद्दीराजा_ठाणे
जागा सांगतो. एक, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले. दोन, फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळचे. तिथे पूर्वीइतकं राहिलेलं नाही, पण एक-दोघांकडे खाली पेटीत ठेवलेलं असतं, मागितल्याशिवाय काढत नाहीत. तीन, चोरबाजारात मटण स्ट्रीट. तिथे भाव ऐकून दचकायचं नाही, निम्म्यावरून सुरू करायचं.

'इंद्रजाल' हा शब्द आधी उच्चारू नका. आधी जुनी मुलांची मासिकं चाळा, मग सहज विचारा. मी मागच्या पावसाळ्यात असाच एक १९७० च्या आसपासचा अंक दोनशेला उचलला. आणि कव्हर नसलेला अंक कधीही घेऊ नका. इंद्रजालची कव्हरं बी. गोविंद यांनी रंगवलेली, निम्मी किंमत त्या चित्राची असते.

विनायक_डोंबिवली
ऑनलाइन अजिबात घेऊ नका, मी पोळलोय. एका विक्रेत्याने फोटोत अस्सल अंक दाखवला, बाराशे घेतले आणि घरी आली रंगीत झेरॉक्स. कागद पांढराशुभ्र, पिना नव्या कोऱ्या. तक्रार केली तर म्हणे वर्णनात 'प्रत' लिहिलं होतं.

तेव्हापासून मी भिंग घेऊन जातो. जुन्या छपाईत रंग म्हणजे बारीक ठिपके असतात आणि ते स्वच्छ दिसतात. झेरॉक्समध्ये त्यांचा चिखल होतो. पिनेभोवती गंजाचा तपकिरी डाग हवा. मधलं जोडपान आहे का तेही बघायचं, ते सर्वांत आधी सुटून हरवतं.

स्पीडफोर्स_ओंकार
मी २४ वर्षांचा आहे, वेताळ फारसा वाचलेला नाही. पण एकाच नावाखाली माणूस बदलत जाणारा हीरो म्हटलं की अमेरिकन कॉमिक्समधला, विजेच्या वेगाने पळणारा फ्लॅश आठवतो. १९४० मध्ये जे गॅरिक, १९५६ मध्ये बॅरी ॲलन, आणि १९८५ मध्ये बॅरी मेल्यावर त्याचाच शागीर्द वॉली वेस्ट. वॉली माझा फ्लॅश, कारण तो गुरूचं नाव घेऊन पळतो आणि आपण कमी पडू याची त्याला सतत भीती असते. काकांना फ्लॅश देऊन बघा ना. १५०० मध्ये नवीन पुस्तक आरामात बसेल.

दादा_गिरगावकर
ओंकार, बाळा, वारशाचं म्हणशील तर वेताळ तुझ्या फ्लॅशच्या आधीचा. गोष्टीत पहिला वेताळ १५३६ सालचा. समुद्री चाच्यांनी बापाला मारलं, पोरगा किनाऱ्याला लागला आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. तिथून बाप गेला की पोरगा बुरखा चढवतो. आम्ही वाचला तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जगतोय. फक्त वाचणाऱ्याला ठाऊक असतं की तो मरतो.

स्पीडफोर्स_ओंकार
हे माहीत नव्हतं. मस्त आहे. म्हणजे इथे बदल लपवायचा आणि फ्लॅशमध्ये बदल साजरा करायचा.

सीमा_पार्ले
आणि सतराव्या वेताळाच्या जुळ्या बहिणीने, ज्युलीने, भाऊ जखमी असताना तोच पोशाख घातला होता. ते कुणी सांगत नाही. माझ्या मुलीला मी तीच गोष्ट आधी सांगितली.

वेंगुर्ल्याचा_बंड्या
एक वेगळाच मुद्दा. आम्हा कोकणातल्या पोरांना 'वेताळ' हे नाव परकं वाटलंच नाही. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नवीन चपला आणि केळीचे घड वाहतात. अंकात वाचलं की हा वेताळ जंगलात फिरतो, कुणाला दिसत नाही आणि वाईट माणसाला सोडत नाही, तेव्हा मी आजीला म्हटलं होतं, "अगो, ह्यो आपलोच." ज्याने कुणी मराठीत हे नाव दिलं त्याला माझा नमस्कार.

कवटीची_अंगठी
वेतोबा देव आहे, हा माणूस आहे. दोन्ही एकत्र करू नका.

वेंगुर्ल्याचा_बंड्या
एकत्र करत नाही. आठ वर्षांच्या पोराला काय वाटलं ते सांगतोय.

निळा_की_जांभळा
पोशाखाचा रंग कुणी विचारला का वडिलांना? माझ्या मोठ्या भावाकडे अगदी सुरुवातीचे अंक होते, त्यात वेताळ निळा होता. मित्र अजून माझ्याशी भांडतात.

विनायक_डोंबिवली
जांभळाच. मी दीडशे तरी अंक पाहिलेत.

कवटीची_अंगठी
दोघेही थांबा. फॉक यांच्या मनात राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तोच चिकटला. स्वीडन-नॉर्वेकडे तो निळा आहे, इटलीत लाल. तिकडचे वाचकही आपलाच रंग खरा मानतात. म्हणून म्हणतो, सुरुवातीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या घ्या. त्यात रंगाचा वादच नाही.

निळा_की_जांभळा
पण माझ्या भावाकडे निळाच होता.

ग्रंथपाल_मुलुंड
मी वाचनालयात तीस वर्षं काढली, तेव्हा अंक मिळाल्यावर काय करायचं ते सांगते. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. मुंबईच्या पावसाळ्यात हा कागद ओल पितो आणि मग कसर लागते. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, पाठीला आम्लरहित पुठ्ठा लावून, उभा नको, आडवा ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नका.

आणि मराठी अंकाबद्दल एक. ते कमी दिसतात कारण ते वाचून वाचून संपले. आमच्याकडे इंग्रजी अंक वर्षभर टिकायचा, मराठी तीन महिन्यांत चिंध्या होऊन परत यायचा.

रद्दीराजा_ठाणे
बरोबर. म्हणूनच मराठी मिळाला तर घासाघीस न करता घ्या. आणि कव्हर बघून घ्या.

विनायक_डोंबिवली
आणि ऑनलाइन नको.

दादा_गिरगावकर
पूर्वा, माझ्याकडे मॅककॉयचा एक मराठी अंक आहे, शेवटची दोन पानं नाहीत. विकणार नाही, पण पानांचे फोटो पाठवतो. बाबांना दाखव, म्हणजे नेमकं कळेल.

लालबागची_पूर्वा
दादा, फोटो मिळाले. काल रात्री बाबांना मोबाइलवर दाखवले. दुसऱ्याच पानावर ते थांबले, बोटाने चौकट मोठी केली आणि म्हणाले, "हा. हाच." मग थोरल्या काकांना नाशिकला फोन लावला. दोघं चाळीस मिनिटं बोलत होते. काकांना त्या गोष्टीतल्या खलनायकाचं नाव आठवत होतं, बाबांना नव्हतं, त्यावरून वाद झाला.

दादा_गिरगावकर
काम झालं. आता १९६४-६५ चा अंक धुंडाळ.

सीमा_पार्ले
वा! तरी एक साय बॅरी सोबत द्याच.

*(नऊ दिवसांनंतर)*

लालबागची_पूर्वा
उशीर झाला, माफ करा. काय झालं ते सांगते.

गुपित ठेवायचं सोडून दिलं आणि रविवारी सकाळी बाबांनाच किंग्ज सर्कलला घेऊन गेले. तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथ्याने ताडपत्रीखालून एक गठ्ठा काढला, बारा-तेरा अंक. त्यात एक मॅककॉयचा होता, इंग्रजी, कव्हरसकट, भाव अकराशे. विनायकदादांनी सांगितलं तसं मी भिंगाखाली ठिपके पाहिले, गंज पाहिला, मधलं पान मोजलं. सगळं ठीक. मी पैसे काढायला पर्स उघडली.

बाबांच्या हातात तोवर दुसराच अंक होता. इंग्रजी, कव्हर नाही, पहिल्या पानाचा कोपरा फाटलेला, कुणीतरी पेनाने डायनाला मिशा काढलेल्या. साय बॅरीचा, वेताळ आणि डायनाच्या लग्नाचा. मंडपात जादूगार मँड्रेकसुद्धा हजर आहे.

मी म्हटलं, "बाबा, हा तुमचा नाही, तुमचा हा." ते म्हणाले, "तो माझा नि दादाचा. हा मी तुझ्या आईला दिला होता. आमचं ठरलं होतं, लग्न व्हायचं होतं. तिला इंग्रजी वाचायची सवय नव्हती, म्हणून दादरच्या फलाटावर बसून मी एकेक फुगा मराठीत सांगितला. तीन गाड्या सोडल्या."

आईला जाऊन सहा वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

तो लग्नाचा अंक तीनशे पन्नासला घेतला. मॅककॉय तिथेच ठेवला, बाबाच नको म्हणाले. उरलेल्या पैशांतून माटुंग्यात इडली-वडा खाल्ला आणि थोरल्या काकांना सत्तरीच्या दिवशी बोलवायचं म्हणून नाशिकहून त्यांचं तिकीट काढलं.

तुम्ही सगळ्यांनी कव्हर नसलेला घेऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी घेतला. राग मानू नका.

रद्दीराजा_ठाणे
राग नाही. पण कव्हर नसताना साडेतीनशे जास्तच घेतले हो. आणि तो मॅककॉयचा कुठल्या पुस्तकवाल्याकडे होता, रस्त्याच्या कुठल्या बाजूला?

सीमा_पार्ले
साय बॅरी!

ग्रंथपाल_मुलुंड
पूर्वा, पिना गंजल्या असतील तर ओढून काढू नकोस. मधल्या पानात त्यांचे वळलेले पाय सरळ कर, हळूच सोडव आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मधल्या पानात आण. मिशा खोडायला जाऊ नकोस, कागद फाटेल.

लालबागची_पूर्वा
मिशा राहू देतेय. बाबांनी तेच सांगितलंय.