मिनर्व्हा: वाळूचं राष्ट्र
वर कुणीतरी विचारलंय की भरतीला बुडणाऱ्या खडकावर हक्क सांगून कुणाला काय मिळणार. टोंगा आणि फिजी या दोन्ही बेटदेशांना विचारा!

दक्षिण प्रशांतातले मिनर्व्हा हे प्रवाळ-खडक या दोघांच्या दक्षिणेला आहेत. लास व्हेगासच्या मायकल ऑलिव्हर या उद्योजकाने त्यांच्यावर बार्जने (सपाट मालवाहू नौकांनी) वाळू ओतून घेतली, झेंडा रोवला आणि १९७२ मध्ये 'रिपब्लिक ऑफ मिनर्व्हा' जाहीर केलं. कर नाही, सरकारी ढवळाढवळ नाही, असं स्वप्न. त्याच वर्षी टोंगाचे राजे चौथे तौफाआहाऊ तुपोऊ स्वतः मोहिमेवर आले आणि तो झेंडा उतरवला गेला. वाळू तर समुद्रानेच परत नेली.

टोंगाचा दावा निव्वळ कागदी नाही. १९६२ साली त्यांची 'तुआइकाएपाऊ' ही नौका तिथे फुटली आणि वाचलेले लोक एका जुन्या जपानी जहाजाच्या सांगाड्यात तीन महिने तगले. फिजीचं मात्र म्हणणं, हे आमच्या सागरी हद्दीतले खडक, बेट नव्हेच. (कायद्याचं बोलायचं तर भरतीला बुडणाऱ्या खडकाला, तो किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे असेल तर, स्वतःचा प्रादेशिक समुद्र, म्हणजे देशाची सत्ता चालते तो पाण्याचा पट्टा, मिळत नाही, आणि त्यावर कितीही भर घातली तरी ते बेट कृत्रिमच.) २०११ मध्ये टोंगाने जहाजांना वाट दाखवायला लावलेले दिवे फिजीने मोडले, त्यावरून दोन्हीकडच्या नौदलांच्या नौकाही तिकडे धावल्या.

मला विचाराल तर भांडण खडकाचं नाहीच, सभोवतालच्या पाण्याचं आणि समुद्रतळाचं आहे.