वाद सोडवण्याचा तास : समेट कोणाचा आणि कोणाच्या सोयीसाठी?

सह्याद्रीकर : ‘आठवी ते दहावीला वाद सोडवण्याचा तास ठेवा, मुले हातघाईवर येणार नाहीत’ ही पोस्ट वाचून राहवले नाही. समोरासमोर बसवून दोघांनाही आपापली चूक सांगायला लावणे बरोबरीच्या भांडणात ठीक आहे. परंतु ज्याला चौघे मिळून वर्षभर छळत आहेत, त्याला त्याच चौघांशी ‘समेट’ करायला लावणे म्हणजे छळावर शाळेचा शिक्का मारणे होय. माझ्या भाच्याने असा समेट केला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा डबा पुन्हा स्वच्छतागृहात सापडला.

खडूफळा : मी शिक्षिका आहे. छळ वेगळा आणि भांडण वेगळे, हे मान्य. म्हणून कौशल्यच शिकवायचे नाही काय? माझ्या वर्गातील दोघी गटप्रकल्पावरून एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी एकच अट घातली : स्वतःची बाजू मांडण्याआधी समोरचीचे म्हणणे असे सांगायचे, की तिने ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ अशी कबुली दिली पाहिजे. ते जमेपर्यंत अर्धा राग उतरला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकातच जीवनकौशल्यांत परस्परसंबंध आणि समानुभूती घातली. आपण अजून परिपाठातल्या सुविचारावरच आहोत.

वाडीवरचा : समेटाचे कौतुक आम्हांला सांगू नका. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली : गावातले तंटे गावातच मिटवा आणि बक्षीस मिळवा. हेतू चांगलाच होता, पण आमच्या गावकीने बक्षिसाच्या ओढीने बांधाचे वाद ‘मिटवले’. म्हणजे ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते, त्याने समजूतदारपणा दाखवला.

खडूफळा : विषय किशोरवयीन मुलांचा आहे, बांधाचा नव्हे.

वाडीवरचा : बाई, त्याच बांधावरची मुले वर्गात बसतात आणि बापांचा अबोला बाकावर घेऊन येतात. हे तुमच्या तासाला दिसत नसेल, तर तो तास शहरातल्या शाळांनाच लखलाभ होवो.

जुना विद्यार्थी : आमच्या वेळी छडी होती, भांडणे नव्हती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने धाक घालवला; आता भोगा.

सह्याद्रीकर : छडी होती तेव्हा भांडणे शाळा सुटल्यावर पटांगणामागे होत, एवढाच फरक. खडूफळाबाई, तुमची अट चांगली आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मात्र एक जण दुसऱ्याला घाबरून ‘हो’ म्हणत असेल, तर मध्यस्थी तिथेच थांबवून त्याला आधी संरक्षण द्यावे, एवढे तास घेणाऱ्यांनी शिकून यावे.

खडूफळा : नाइलाजाबद्दल आभारी आहे. आता हा तास मंजूर झालाच, तर गणिताचा अभ्यासक्रम राहिला म्हणून तो कोणी मागून घेतला नाही, म्हणजे मिळवली.