लिलिपुट, लिलिपुटी: बुटका की कोता?

प्रश्न: बुटक्या मुलाला चिडवताना 'लिलिपुट' म्हणतात, हे शाळेपासून ऐकलंय. पण 'लिलिपुटी राजकारण' असंही वाचनात येतं. तिथे उंचीचा काय संबंध?

उत्तर १: लिलिपुट हे माणसाचं नाव नाहीच, देशाचं आहे. जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधला (१७२६) देश. माणसं जेमतेम सहा इंचांची, पण बादशहा दरबाऱ्यांपेक्षा नखभर उंच, आणि तेवढ्यावर त्याचा दरारा! दरबारात बढती हवी तर दोरीवर नाचायचं. बादशहा काठी आडवी धरतो. ती वर गेली की खालून सरपटायचं, खाली आली की वरून उडी मारायची. जिंकणाऱ्यांना निळा, लाल, हिरवा असे रेशमी धागे बक्षीस, आणि ते कमरेला गुंडाळून मिरवायचे. हे रंग ब्रिटनच्या गार्टर, बाथ आणि थिसल या राजदरबारी किताबांचे. प्रकाशक इतका टरकला की पहिल्या आवृत्तीत त्याने रंगच बदलले! दोरीवर सगळ्यात उंच उडणारा खजिनदार फ्लिमनॅप म्हणजे ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा 'लिलिपुटी राजकारण' म्हणजे मानापानाचं, क्षुद्र राजकारण. मला तर हाच अर्थ अस्सल वाटतो. बुटक्याला चिडवणं ही शब्दाची नासाडी आहे.

उत्तर २: नासाडी कशाला? रूढ झालं ते झालं. बाकी अंड्याचा वाद राहिला की! अंडं रुंद टोकाकडून फोडायचं की निमुळत्या, यावरून तिथे सहा बंडं झाली, अकरा हजार माणसं मेली. रोख कॅथलिक-प्रोटेस्टंट झगड्यावर. यातलेच 'बिग-एंडियन' (रुंद टोकवाले) आणि 'लिटल-एंडियन' (निमुळत्या टोकवाले) हे शब्द संगणकतज्ज्ञ डॅनी कोहेनने १९८० मध्ये संगणकात आणले: अनेक बाइटांची संख्या साठवताना वजनदार (मोठ्या स्थानाचा) बाइट आधी ठेवायचा की हलका. तिथेही भांडण तसंच हमरीतुमरीचं होतं.

प्रश्नकर्ता: मग आपल्याकडचे 'वालखिल्य' चालतील का प्रतिशब्द म्हणून?

उत्तर १: अंगठ्याएवढे साठ हजार ऋषी? आकार जुळतो, स्वभाव नाही. ते तपस्वी, त्यांनी इंद्राला घाम फोडला. कोणाच्या काठीखालून सरपटले नाहीत.

प्रश्नकर्ता: आणि त्याच पुस्तकातला राक्षसांचा देश ब्रॉबडिंगनॅग मराठीत का नाही रुळला?

उत्तर २: तीनदा भरभर म्हणून बघा.