चौथीतील मुलगा वाचताना अडखळतो. शाळेकडे नेमके काय मागावे?

प्रश्न : एक आई, सातारा जिल्हा

नमस्कार. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा असून तालुक्याच्या गावातील अनुदानित मराठी शाळेत चौथीत शिकतो. ऐकलेली गोष्ट तो दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगतो आणि किराणा दुकानात उरलेल्या पैशांचा हिशेब माझ्याआधी करतो. पण धडा वाचायला घेतला की जोडाक्षरापाशी थांबतो, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळतो आणि पुढचा शब्द चित्र पाहून अंदाजाने सांगतो. फळ्यावरचे उतरवून घेताना त्याच्या मधल्या ओळी गळतात. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून, “आमच्याकडे याच्यासाठी शिक्षक नाहीत, याला विशेष शाळेत घाला,” असे सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे, की तपासणी केली तर पोराला जन्माचा शिक्का बसेल; त्याचे बाबाही पाचवीपर्यंत अडखळतच वाचत होते, तसा हाही मोठा झाला की वाचेल. शाळा त्याला असे काढू शकते का, आणि मी सुरुवात कोठून करावी?

उत्तर 1 : विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण

ताई, आपण लिहिलेली लक्षणे अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडण्याची असू शकतात, मात्र निदान तपासणीशिवाय होत नाही, म्हणून मी येथे ते करणार नाही. बाबांबद्दल आपण जे लिहिले आहे ते तपासणीच्या वेळी अवश्य सांगावे, कारण ही अडचण अनेकदा एकाच कुटुंबात पुन्हा आढळते. सासूबाईंनी दिलासा म्हणून सांगितलेली गोष्ट डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती आहे.

शाळा त्याला या कारणावरून काढू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने मान्य केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्याच कायद्याच्या कलम 16 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, त्यांची अडचण लवकर ओळखायची आणि अध्यापनात आवश्यक ते बदल करायचे असतात. शिवाय ज्या मुलाची बुद्धिमत्ता वयानुरूप आहे, त्याला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत पाठवून त्याचे वाचन सुधारणार तरी कसे?

तपासणीचा क्रम असा असतो. आधी डोळे आणि कान तपासले जातात, कारण चष्म्याच्या नंबरामुळे फळा दिसत नसलेली कितीतरी मुले ‘अभ्यासात कच्ची’ म्हणून बसवलेली मी पाहिली आहेत. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढतात आणि मग वाचन, लेखन व गणित यांची चाचणी होते. ही चाचणी मराठीतून घेण्याचा आग्रह धरावा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे वाचनातील अडचण तपासण्याचे साधन मराठीतही उपलब्ध आहे, आणि मराठी माध्यमाच्या मुलाचे इंग्रजी वाचन तपासून काढलेल्या निष्कर्षावर मी तरी विसंबणार नाही. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे आपण योग्य वेळी विचारत आहात. आपल्या गट साधन केंद्रात, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या शिक्षण केंद्रात, समावेशित शिक्षणाचे (अशा मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्याचे) विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेत बोलावण्याची मागणी करावी.

उत्तर 2 : एक पालक, मुंबई

माझा मुलगा याच वाटेने गेला, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली : तोंडी काहीही मागू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, त्यात मुलाच्या अडचणी आणि हवे असलेले बदल नोंदवा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारखेसह पोच घ्या. विशेष शाळेत घालण्याचा सल्लाही लेखी मागा. आमच्या शाळेकडे तो मागितल्यावर विषयच बदलला. उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकारी, पुढे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शेवटी पुण्यातील दिव्यांग आयुक्त कार्यालय, अशा क्रमाने जाता येते.

दुसरी : खासगी केंद्राचा अहवाल घरी मार्गदर्शनासाठी उपयोगी पडतो, परंतु परीक्षेतील सवलतींसाठी शासनमान्य रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते. आम्ही आधी खासगी तपासणीवर पैसे घातले आणि नंतर सरकारी रुग्णालयात पाच खेपा केल्या. चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी फेरतपासणी असते, हेही लक्षात ठेवा. आमची चौदाव्या वर्षीची फेरतपासणी नेमकी नववीच्या सहामाहीत आली. दहावीला त्याला जादा वेळ मिळाला आणि तो उत्तीर्ण झाला. शिक्क्याचे म्हणाल तर ‘ढ’ हा शिक्का त्याला दुसरीतच बसला होता, आणि त्या शिक्क्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र लागले नव्हते.

उत्तर 3 : निवृत्त मुख्याध्यापक

मुख्याध्यापकांनी दिलेला सल्ला चुकीचा आहे, परंतु शिक्षक नाहीत ही त्यांची तक्रार खोटी असेलच असे नाही. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे एका मुलासाठी वेगळा तास नसतो. म्हणून अर्जात ज्याला वेगळा तास लागत नाही तेच आधी मागावे. वर्गासमोर त्याला मोठ्याने वाचायला उभे करू नये. फळ्यावरचा मजकूर त्याला कागदावर द्यावा. प्रश्न त्याला वाचून दाखवावेत आणि परिसर अभ्यासाचे उत्तर तोंडी घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीचे गुण भाषेतच कापावेत, इतर विषयांत नव्हे. यांतल्या कशासाठीही प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. आमच्या शाळेत आम्ही अशा मुलाला धडा वाचून दाखवण्यासाठी शेजारी जोडीदार बसवत असू, आणि काही वेळा त्या जोडीदाराचेच वाचन अधिक सुधारे.

पुन्हा प्रश्नकर्ती आई

सर्वांचे मनापासून आभार. काल अर्ज दिला. लिपिक पोच द्यायला तयार नव्हते, मी अर्धा तास बाकावर बसून राहिले तेव्हा शिक्का मिळाला. डोळ्यांची तपासणी शुक्रवारी आहे. एकच विचारायचे राहिले : हे सारे कशासाठी चालले आहे, ते मुलाला सांगावे का?

विशेष शिक्षिका

सांगावे, आणि त्याच्या बाबांनी सांगितले तर अधिक चांगले, कारण पाचवीपर्यंतचे ते अडखळणे त्यांना आठवत असेल. ‘चाचणीत नापास होशील’ ही भीती त्याच्या मनात राहू देऊ नका. तेथे पास-नापास काही नसते. रुग्णालयात जाताना त्याच्या पहिलीपासूनच्या जुन्या वह्या सोबत न्या, आणि त्यांतल्या चुका आधी खोडून नीट करू नका.